आर्चबिशप क्रॅनमर आणि रोजचे शास्त्रपाठ

उपासनेत एक पाठ जुन्या करारातून व दुसरा नव्या करारातून का, असे शब्बाथ शाळेतील मुले विचारतात. अँग्लिकन मंडळीपुरते उत्तर थॉमस क्रॅनमर यांच्या चरित्रात आहे. इंग्लंडमध्ये १४८९ साली जन्मलेले हे केंब्रिजचे विद्वान १५३३ साली कँटरबरीचे आर्चबिशप झाले.

त्या काळी दिवसाच्या आठ नेमलेल्या प्रार्थना लॅटिनमध्ये होत. आगमनकाळात यशया सुरू होई, पण संतांच्या कथा मध्येच येत आणि ग्रंथ अपुराच राही. पाठ वाचण्यापेक्षा तो शोधण्यातच जास्त वेळ जातो, अशी त्यांची तक्रार होती. (वाचनपीठावर पाने चाळत बसणारे आम्हीही पाहिले आहेत!)

१५४९ च्या प्रार्थनापुस्तकात त्यांनी आठांच्या दोनच उपासना केल्या, सकाळची व सायंकाळची, आणि त्याही लोकांच्या इंग्रजी भाषेत. जुन्या कराराचा बहुतेक भाग वर्षातून एकदा, प्रकटीकरण बहुतांशी सोडून नवा करार तीनदा आणि दीडशे स्तोत्रे दरमहा, असा क्रम लावला. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्याही कानी सारे शास्त्र पडावे, हा हेतू.

१५५३ साली मेरी राणी झाली आणि ते पुस्तक बंद पडले. क्रॅनमर तुरुंगात गेले व तेथे त्यांनी आपली मते सोडल्याच्या कागदांवर सह्या केल्या. ही दुर्बलता मुलांपासून लपवू नये, असे आम्हांस वाटते. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांनी ते शब्द जाहीरपणे मागे घेतले आणि सही करणारा हात प्रथम आगीत धरला.

१५५९ साली एलिझाबेथ राणीच्या राज्यात मंडळ्यांतून ते इंग्रजी पाठ पुन्हा ऐकू येऊ लागले.