पक्षी वाचवणाऱ्या डॉ. सलीम अलींच्या हातात बंदूक का होती?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. या आठवड्यात सलीम अलींचे फोटो सगळीकडे फिरतात आणि त्याखाली एक कमेंट हमखास असते. हा माणूस तर स्वतः पक्षी मारायचा, मग यांचं कौतुक कसलं?

पहिली गोष्ट, कमेंट करणारा खोटं बोलत नाही. सलीम अलींनी बंदूक चालवली, शिकार केली आणि अभ्यासासाठी पक्षीही मारले. पण विषय तेवढ्यावर संपत नाही. बंदूक कशासाठी, केवढी आणि कधीपर्यंत, हे तीन प्रश्न विचारले की त्यांचं आयुष्य नीट समजतं.

सुरुवात एअरगनपासून

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या खेतवाडीतला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी पोरक्या भाच्यांना वाढवलं.

हे मामा पक्के शिकारी. त्या काळी बऱ्या घरात शिकार हा पुरुषांचा मानाचा छंद होता. मामांनी भाच्याला खेळण्यातली एअरगन दिली आणि पोरगं चिमण्यांच्या मागे लागलं. मारलेली चिमणी हलाल असेल तर ती खाल्लीही जायची.

सलीम तेव्हापासूनच टिपणं ठेवायचा. घराच्या तबेल्यात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर राखण करत. सलीमने लपून नर टिपला. थोड्या वेळात मादीने दुसरा नर गाठला. त्यालाही टिपलं, तर तिसरा आला. आठवड्याभरात आठ नर गेले, आणि दर वेळी जागा भरली. वाचायला हे क्रूर वाटतं आणि ते होतंही. पण नेमबाजीची बढाई मारायच्या वयात हा मुलगा मादी काय करते ते लिहून ठेवत होता. साठेक वर्षांनी मोठेपणी त्यांनी ही नोंद जशीच्या तशी छापली, झाकली नाही.

मग आली ती प्रसिद्ध चिमणी. एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, खायची की नाही, मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठ चिमणी असल्याचं ओळखलं. मुलाला हाकलून न देता त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली, पुस्तकं दिली आणि पक्ष्याची कातडी काढून ती टिकवायची कशी, हे शिकायची सोय केली. पुढे सलीम अलींनी आत्मचरित्राला नावही या चिमणीवरूनच दिलं, द फॉल ऑफ अ स्पॅरो.

माळावरच्या शिकाऱ्याला हलकी बंदूक का लागायची?

इथे थोडं बंदुकीबद्दल समजून घेऊ, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर आहे.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की छावणीनंतर पडेगाव येतं. आता तिथे वसाहती झाल्यात, पण शहराभोवतीचा मूळ मुलूख म्हणजे उघडे माळ, खुरटं गवत, काटेरी झुडपं आणि टेकड्या. ही तित्तर, लावा आणि पखुर्डीची जागा. हे पक्षी झाडावर दिसत नाहीत, जमिनीच्या रंगात मिसळून बसतात. माणूस अगदी जवळ गेला की लावा पायाजवळून भर्रकन उडते. तित्तर आधी झुडपांतून पळतो, मग उडतो.

म्हणून जुन्या काळी माळावर शिकार करणाऱ्याला दोन गोष्टी लागायच्या. दिवसभर चालताना हाताला जड होणार नाही आणि पक्षी उडाल्याबरोबर खांद्याला लागेल, अशी बंदूक.

छऱ्याच्या बंदुकीचा आकार बोअरमध्ये सांगतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीच्या व्यासाएवढी नळी म्हणजे बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरची दुनळी साधारण ३ किलोची, वीस बोअरची अडीच-पावणेतीन किलोची. याहून लहान .४१० बोअर. तिथे मात्र आकडा गोळ्यांचा नसून नळीचा व्यास इंचात सांगतो.

मग सगळ्यांनी सगळ्यात हलकी बंदूक का घेतली नाही? कारण बंदूक हलकी असेल तर धक्का जास्त बसतो. काडतूस तेवढंच राहिलं आणि बंदुकीचं वजन कमी झालं, तर ती तेवढ्याच जास्त वेगाने खांद्यावर येते. इंग्रज बंदूक कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याचा ठोकताळा असा की, बंदुकीचं वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. ३० ग्रॅम छऱ्यांना जवळपास २.९ किलोची बंदूक, २५ ग्रॅमना २.४ किलोची. थोडक्यात, बंदूक हलकी करायची तर छर्रेही कमी करायचे. आणि फार हलकी बंदूक पटकन वळते तशी पटकन थांबतेही, त्यामुळे उडत्या पक्ष्याच्या मागे नेम राहतो.

शिकाऱ्याची बंदूक वेगळी, संग्राहकाची वेगळी

शिकाऱ्याला पक्षी ताटात हवा असतो. संग्राहकाला हवी असते पिसांसकट अखंड कातडी. चिमणीएवढ्या पक्ष्यावर बारा बोअरचं शिकारी काडतूस झाडलं, तर हातात ओळखण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून पक्षी गोळा करणारे अभ्यासक बारीक नळीची बंदूक आणि डस्ट शॉट वापरायचे. डस्ट शॉट म्हणजे जवळपास खसखशीएवढे बारीक छर्रे. पल्ला कमी, मारा सौम्य. त्यामुळे पक्ष्याच्या जवळ जावं लागायचं, आणि जवळ जायचं तर आधी त्याच्या सवयी माहीत हव्यात.

पक्षी हाती आला की खरं काम सुरू व्हायचं. मापं घ्यायची, कातडी सोलायची, आर्सेनिकचा साबण लावायचा, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर की मादी. चिठ्ठीशिवायच्या कातडीला अभ्यासात फारशी किंमत नाही.

नोकरी नाही, पण सर्वेक्षण आहे

तरुणपणी सलीम अली घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात तवॉयला गेले. धंदा बसला, पण तिथल्या जंगलात शिकार आणि पक्षी दोन्ही भरपूर झाले. १९१८ मध्ये तेहमिना बेगमशी लग्न झालं. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर झाले. १९२८ मध्ये रजा घेऊन बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले, तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली.

मग हे जोडपं अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिलं. तिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा विणीचा हंगाम रोज बसून पाहिला. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन पसंत करते, मग तो दुसऱ्या घरट्याच्या तयारीला लागतो. या अभ्यासाला बंदूक लागली नाही, लागला तो धीर.

त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला. प्रवास, मुक्काम आणि सामानाचा खर्च संस्थानाने करावा, पक्ष्यांचं सर्वेक्षण मी बिनपगारी करतो. यातूनच १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं पक्षी सर्वेक्षण झालं. तेव्हा मराठवाडा याच संस्थानात होता. म्हणजे आपल्या भागातल्या पक्ष्यांची पद्धतशीर यादी होण्यामागे हा बिनपगारी माणूस आहे. तंबूतल्या संसारात तेहमिनाबाई सोबत असायच्या. निष्कर्ष ह्यू व्हिसलर यांच्या टिपांसह बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आले. पुढे त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थानांची सर्वेक्षणं झाली.

या सर्वेक्षणांत पक्षी मारले गेले, हे खरंच. तेव्हा खिशात मावणारा कॅमेरा नव्हता, आवाज टिपायचं सोपं साधन नव्हतं आणि ताडून पाहायला फोटो असलेली पुस्तकं नव्हती. दोन सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांत फरक आहे हे सिद्ध करायला दोन्ही टेबलावर ठेवावे लागत. ठरावीक नमुने घेणं गरजेचं आहे, ही बाजू सलीम अलींनी उघडपणे मांडली. पण त्यांचा जीव कातड्यांपेक्षा जिवंत पक्ष्यांत जास्त होता.

एकाच दिवसात ४,२७३

दुसऱ्या बाजूला काय चालू होतं, तेही बघा. १२ नोव्हेंबर १९३८. सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस. त्या दिवशी भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. त्यांतल्या किती पक्ष्यांना चिठ्ठी बांधली असेल?

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाई गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. १९४१ मध्ये त्यांचं द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं आणि सामान्य माणसाला पक्षी न मारता ओळखता येऊ लागला.

१९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसचा स्थलांतराचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू येतात का, हे बघायचं होतं. भरतपूरला बिहारचे पिढीजात पक्षी पकडणारे मीरशिकार बोलावले गेले. पक्षी जाळ्यात धरायचा, पायात नंबरची कडी घालायची आणि सोडून द्यायचा. चिठ्ठी तीच, पण आता पक्षी उडत होता. भरतपूरची पाणथळ टिकावी म्हणून सलीम अलींनी शब्द खर्च केला. १९८५ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली.

खोटी चिठ्ठी बंदुकीपेक्षा महाग पडते

१९३७ मध्ये सलीम अली अफगाणिस्तानात कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्याबरोबर फिरले होते. हे मोठे नावाजलेले संग्राहक. त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं की, त्यांनी संग्रहालयांतून कातड्या चोरून त्यांवर खोटी ठिकाणं लिहिली होती.

त्यातली एक आपल्या रानपिंगळ्याची. चोरलेल्या कातडीवर गुजरातमधलं ठिकाण आणि १९१४ साल लिहिलेलं. तो माग धरून केलेला शोध वाया गेला आणि पक्षी नामशेष मानला गेला. ही लबाडी लक्षात आल्यावर अभ्यासक जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट यांना रानपिंगळा आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा परिसरात जिवंत दिसला.

मग आज कोणती बंदूक घ्यायची?

तित्तर-लाव्यासाठी, कोणतीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने बंद झाले. तित्तर मारणं हा आज गुन्हा आहे, मग नळी कोणत्याही बोअरची असो. एअरगनही त्यातून सुटत नाही.

सलीम अलींना १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि २० जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं. शहरात दिल्ली गेटजवळच्या मुघलकालीन खिजरी तलावाला आज त्यांचं नाव आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ती कमेंट दिसली, तर हो म्हणा, त्यांनी पक्षी मारले. आणि पुढे हेही सांगा की त्यांनी नोंदी ठेवल्या, त्या लपवल्या नाहीत, आणि दुसरी साधनं हाती आल्यावर पक्षी जिवंत ठेवून अभ्यास केला. पडेगावच्या बाजूचा एखादा मोकळा माळ असो की सलीम अली सरोवर, सकाळी दुर्बीण किंवा मोबाइल घेऊन जा. पक्षी दिसला की तारीख, ठिकाण आणि संख्या लिहा. दिसलं तेवढंच लिहा.