न्यायमूर्ती हार्लन : एकट्याचे निकालपत्र

कायदा कितीही चांगला असो, तो वाचणारा न्यायाधीश नुसत्या अक्षरांत अडकला तर त्या कायद्याचे मातेरे होते. कायदा कोणत्या दुःखापोटी जन्मला हे त्याने ध्यानात ठेवले, तर तोच कायदा दुबळ्याची ढाल बनतो. अमेरिकेचे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचे चरित्र याची साक्ष देते.

हार्लन यांचा जन्म १८३३ साली केंटकी राज्यात, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात झाला. यादवी युद्धात ते संघराज्याच्या बाजूने लढले; पण गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्यांनी विरोधच केला. पुढे ते रिपब्लिकन पक्षात गेले आणि आपली जुनी मते त्यांनी जाहीरपणे टाकून दिली. १८७७ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

खाणावळी, वाहने, नाटकगृहे यांत वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकन काँग्रेसने १८७५ साली केला होता. १८८३ साली आठ न्यायाधीशांनी तो रद्द ठरविला. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी धंदेवाल्याला नाही, असे त्यांचे म्हणणे. हार्लन एकटेच विरोधात उभे राहिले.

विरोधी निकालपत्र लिहिताना त्यांची लेखणी अडली. तेव्हा पत्नी माल्विना यांनी एक जुनी दौत शाई भरून त्यांच्या मेजावर ठेवली. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, हा १८५७ सालचा निकाल सरन्यायाधीश टॅनी यांनी ज्या दौतीतून लिहिला, तीच ही दौत. घटना लिहिली गेली त्या काळी गोरे लोक काय मानीत, यावर टॅनी यांनी भर दिला होता. त्याच दौतीतील शाईने हार्लन यांनी लिहिले, की गुलामगिरी संपविणे म्हणजे नुसत्या बेड्या तोडणे नव्हे, तिच्या खुणाही पुसणे होय. आणि आगगाडी, खाणावळ ही सर्वांसाठी चालतात, म्हणून ती सर्वांना खुली असली पाहिजेत.

पुढे लुइझियाना राज्याने गोऱ्या-काळ्यांसाठी आगगाडीचे वेगळे डबे सक्तीचे केले. होमर प्लेसी नावाचा चांभार १८९२ साली गोऱ्यांच्या डब्यात बसला व पकडला गेला. १८९६ साली सात न्यायाधीशांनी निर्णय दिला, की डबे वेगळे पण समान आहेत. त्यात कोणाला कमीपणा वाटला तर तो त्याच्या मनाचा खेळ! हार्लन यांनी हे ढोंग उघडे पाडले. हा कायदा कोणाला दूर ठेवण्यासाठी केला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे, असे त्यांनी बजावले. घटनेला असा भेद मान्य नाही हे सांगताना त्यांनी ‘कास्ट’ हाच शब्द वापरला.

हार्लन निर्दोष नव्हते. त्याच निकालपत्रात चिनी लोकांविषयी त्यांनी अनुदार लिहिले. १८९९ साली कृष्णवर्णीय मुलांचे हायस्कूल बंद करणाऱ्या मंडळाच्या बाजूने निकालही त्यांनीच लिहिला. ज्या कसोटीवर त्यांनी इतरांना तपासले, तिच्यावर येथे ते स्वतः उतरले नाहीत.

१९११ साली त्यांचे निधन झाले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, तेव्हा एकट्याचे ते निकालपत्र अखेर खरे ठरले.

अमेरिकेत रद्द झालेला तो १८७५ चा कायदा पूज्य बाबासाहेबांनी मात्र वाया जाऊ दिला नाही. १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात त्यांनी त्याचा आधार घेतला. भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये तर दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची नावे घालूनच मज्जाव करण्यास बंदी आहे. खाजगी धंद्याची जी पळवाट १८८३ साली सापडली, ती येथे अक्षरांतच बुजविलेली आहे.

तरीही प्रत्येक अन्यायाचे नाव आधीच लिहून ठेवता येत नाही. जेथे अक्षर अपुरे पडेल, तेथे न्यायाधीशाने एवढेच विचारावे : हे कलम कोणाच्या दुःखासाठी लिहिले गेले, आणि माझ्या निकालाने ते दुःख हटणार की वाढणार?