नहपानाचे नाणे, विणकरांची ठेव

क्षत्रप ही मूळ इराणी सम्राटांच्या सुभेदाराची पदवी. ती धारण करणाऱ्या नहपानाने सुमारे १९०० वर्षांपूर्वी पश्चिम भारतावर राज्य केले. ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठीत नाव कोरलेली चांदीची नाणी पाडली. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील भिक्खूसंघाला ३००० कार्षापणे दिली. ती विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. पैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. २० भिक्खूंच्या चीवरासाठी प्रत्येकी १२.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव करून त्याच्या नाण्यांवर आपला छाप मारला. जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशी हजारो नाणी सापडली. राजाचे नाव झाकले गेले. विणकरांवरचा विश्वास मात्र दगडावर कायम आहे. या बुद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हणणाऱ्यांना धुळे-जळगावच्या बांधवांनी हा शिलालेख दाखवावा.