चित्रकार धुरंधर आणि त्यांची चित्रकार्डे

रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव निघाले की शिवराज्याभिषेकाचे भव्य चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आम्हांस मात्र त्यांचा प्रथम परिचय घडला तो हाताच्या पंजाएवढ्या एका टपालकार्डावरून, आणि तोही थोडा लज्जास्पद रीतीने. ती हकीकत पुढे येईलच.

धुरंधरांचा जन्म कोल्हापुरी १८ मार्च १८६७ रोजी पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेणारे ग्रिफिथ्स साहेब तेव्हा तेथे मुख्य होते. या कोल्हापूरकर विद्यार्थ्याचा हात त्यांनी लवकरच ओळखला. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांस मिळाले. ज्या संस्थेत ते शिकले तेथेच शिक्षक झाले, आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत ती त्यांनी सोडली नाही. आपल्या आठवणींच्या पुस्तकास त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले, ते यथार्थच होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार्डांचे वेड युरोपातून इकडे आले. परदेशी पाहुणे आणि येथील गोरे अंमलदार ही कार्डे विकत घेऊन स्वदेशी धाडीत, आणि तिकडील मंडळी ती जाड पुठ्ठ्याच्या वहीत जपून ठेवीत. धुरंधरांनी या कार्डांकरिता मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे चितारली. कोळीण, फेरीवाला, मोलकरीण, पारशी बाई, अशी किती म्हणून सांगावी! नऊवारीचा काष्टा कोणत्या जातीत कसा घालतात आणि ओझे घेतलेल्या बाईची मान कशी ताठ राहते, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पुढे एडवर्ड्स साहेबांच्या मुंबईविषयक पुस्तकास (१९१२) आणि रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथास (१९२०) त्यांनी चित्रे काढली, त्यांतही हीच नजर दिसते.

सर्वच कार्डे सारखीच प्रशंसनीय आहेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांखालील मथळे इंग्रजी, गिऱ्हाईक बव्हंशी परके. त्यामुळे क्वचित एखाद्या गरीब बाईची थट्टा करून परक्यास हसविण्याचा भाव त्यांत डोकावतो. पण ज्यांची चित्रे काढून घेण्याची ऐपत नव्हती आणि ज्यांना दरबारी चित्रांत जागा नव्हती, त्यांचे चेहरे व पोशाख आज आपणांस दिसतात ते या स्वस्त कागदावर, हेही तितकेच खरे.

अशी कार्डे जमविणाऱ्याने चित्राइतकीच पाठही पाहावी. पूर्वी पाठीवर केवळ पत्ता लिहिण्याची मुभा असे; म्हणून जुन्या कार्डांवर पत्राचा मजकूर चित्राच्याच कडेने दाटीवाटीने खरडलेला आढळतो. इंग्लंडात १९०२ पासून पाठीचे दोन भाग करून एकावर मजकूर लिहिण्यास परवानगी मिळाली, आणि इकडेही पुढे तोच परिपाठ पडला. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगास निराळा दगड लागे. भिंगातून पाहता रंगाचे कण अनियमित दिसतात. नंतरच्या यांत्रिक छपाईत ठिपके ओळीने मांडलेले असतात. सोलापूरकरांनी जुन्या कापडाच्या ताग्यांवरील रंगीत लेबलेही भिंगाखाली धरून पाहावीत, मौज वाटेल.

धुरंधरांच्या उत्तर आयुष्यात मानसन्मानांस तोटा नव्हता. १९२७ साली ते रावबहादुर झाले. १९३० साली जे. जे. स्कूलचे हंगामी संचालकपद त्यांजकडे आले. त्या जागी बसणारे ते पहिले भारतीय. नवी दिल्लीच्या सचिवालयातही त्यांनी चित्रे रंगविली. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. कन्या अंबिका, याही जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार. वडिलांची चित्रे त्यांनी निष्ठेने सांभाळली. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते.

मोठ्या चित्रांस अशी घरे मिळाली. कार्डांचे मात्र दैव निराळे. ती ज्याच्या हाती पडली त्याच्या मर्जीवर जगली वा मेली. लहानपणी आम्हांस टपालतिकिटांचा नाद होता. सोलापुरातील एका आप्तांच्या माडीवर पत्र्याच्या पेटीत आम्हांस एक चित्रकार्ड सापडले. तिकीट चित्राच्याच बाजूस लावलेले होते. आम्ही कातरी घेतली आणि ते कोपऱ्यासह कापून काढले. तिकीट सामान्यच निघाले व पुढे हरवलेही. कार्ड अद्याप आमच्यापाशी आहे. त्यावर कोळीण उभी आहे, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत धुरंधरांची सही आहे, आणि तिच्या डोक्यावरची पाटी अर्धीच उरली आहे.