कंदांचा वैद्य : सर एडविन बटलर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, किल्की नावाचे समुद्रकाठचे एक लहानसे गाव आहे. तेथे १३ ऑगस्ट १८७४ रोजी एडविन जॉन बटलर यांचा जन्म झाला. त्या भूमीने तीसच वर्षांपूर्वी काय भोगले होते हे ध्यानी घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळावयाचे नाही. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. गोरगरिबांचे दोन्ही वेळचे अन्न बटाटाच. वरून धडधाकट दिसणारे बटाटे लोकांनी खड्ड्यांत साठविले, आणि काही दिवसांनी माती उकरून पाहतात तो आत दुर्गंधी सुटलेला लगदा! पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने व तापाने मेली; जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. कुजलेल्या बटाट्यावर बुरशी दिसे खरी, पण ती कुजण्याचा परिणाम आहे, असे विद्वानांपैकीही पुष्कळ मानीत. ती परिणाम नसून कारण आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६१ साली प्रयोगांनी दाखविले.

बटलर शिकले मात्र वैद्यकी. १८९८ साली कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. तेथील प्राध्यापक मार्कस हार्टोग यांच्या सहवासात त्यांना पाण्यात वाढणाऱ्या बुरशींचा नाद लागला, आणि माणसांची नाडी पाहण्याऐवजी ते वनस्पतींच्या रोगांकडे वळले. युरोपात काही काळ अभ्यास करून १९०१ साली ते सरकारी कवकशास्त्रज्ञ म्हणून कलकत्त्यास आले. पुढे डेहराडून, आणि त्यानंतर बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्था, असा त्यांचा प्रवास झाला.

वैद्यकीचे शिक्षण वाया गेले असे मात्र आम्हांस वाटत नाही. रोगी समोर आला की वैद्य प्रथम विचारतो, दुखणे कधीपासूनचे आणि आले कोठून? बटलरांनी तोच प्रश्न कंदांना विचारला. कोठारात दिसणारी कूज पुष्कळदा कोठारात जन्मत नाही. ती शेतातून कंदाबरोबर येते. १९०३ साली त्यांनी हिंदुस्थानातील बटाट्याच्या रोगांवर निबंध लिहिला. करपा नीलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत तत्पूर्वीच पोहोचला होता. रोगट झाडाच्या पानांवरील बीजाणू पावसाने मातीत उतरतात, बटाट्याच्या सालीत शिरतात, आणि तो बटाटा बियाणे म्हणून दुसऱ्या गावी गेला की रोगही त्याच्याबरोबर जातो. मैदानी मुलखातील कडक उन्हाळ्यात साध्या कोठीतील बटाट्यांत ही बुरशी बहुधा उष्णतेने मरते; थंडीत ती जगते. आज आपल्या माळव्यातील बटाटा शीतगृहांत ठेवतात. तेथे बटाटा टिकतो, तशी आत दडलेली बुरशीही टिकते. म्हणून निवड आत ठेवण्यापूर्वीच करावी लागते.

बटलरांचे आपणांस अधिक जवळचे काम अळवावरचे. गोविंदपुऱ्याच्या बाजारात अरबी म्हणून मिळते तीच आपली अळकुडी. भर पावसाळ्यात अळवाच्या पानावर तपकिरी ठिपके पडतात, वर्तुळावर्तुळांनी पसरतात, त्यांतून पिवळसर थेंब पाझरतात आणि पाहता पाहता पान गळून जाते. पाने गेली की कंदास अन्न मिळत नाही. तो लहान राहतो, आणि रोग त्यात उतरला असेल तर काढणीनंतर आतून कुजतो. मुंबई इलाख्यातील कवकतज्ज्ञ जी. एस. कुलकर्णी यांच्यासह बटलरांनी या रोगाचा कसून अभ्यास केला आणि १९१३ साली तो प्रसिद्ध केला. त्या काळी साहेबाच्या नावाशेजारी एका मराठी आडनावाच्या संशोधकाचे नाव बरोबरीने छापले जावे, याचे आम्हांस विशेष अगत्य वाटते.

सुरतेकडील आल्याच्या कुजीची हकीकतही अशीच. तेथील आले बुंध्याशी मऊ पडून कुजत असे. १९०७ सालच्या ग्रंथात बटलरांनी ते पिथियम नावाच्या बुरशीचे काम असल्याचे नोंदविले. पाणी साचलेल्या जमिनीत ती फैलावते, आणि रोगट बेणे वापरले तर पुढच्या वर्षीच्या वाफ्यातही हजर होते. (करपा आणि पिथियम यांना आजचे शास्त्रज्ञ खऱ्या बुरशींच्या कुळात धरीत नाहीत, त्यांचे नाते काही शैवालांशी अधिक जवळचे ठरले आहे. शेतकऱ्याचे नुकसान मात्र तेवढेच.)

तुरीच्या मर रोगापासून गव्हाच्या तांबेऱ्यापर्यंत त्यांनी हाताळलेल्या विषयांची यादी लांबलचक आहे. १९१८ साली त्यांचा वनस्पतिरोगांवरील मोठा ग्रंथ निघाला. लंडनजवळ क्यू येथे साम्राज्याची कवकशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे पहिले संचालक म्हणून ते गेले आणि १९३५ पर्यंत तेथे राहिले. १९२६ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व, १९३९ साली 'सर' ही पदवी, आणि ४ एप्रिल १९४३ रोजी मृत्यू.

पुसा येथे १९०५ साली त्यांनी बुरशीच्या नमुन्यांचा संग्रह आरंभिला होता. १९३४ च्या बिहारमधील भूकंपात तेथील इमारतीची मोठी हानी झाली, आणि १९३६ साली संस्था दिल्लीस हलली. तिच्याबरोबर तो संग्रहही गेला. रोगाने डागाळलेली, वाळवून जपलेली पाने व देठ दिल्लीच्या त्या संस्थेत आजही नव्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.