कडबाकुट्टी, नांगर आणि लक्ष्मणराव

सुरुवात एका फजितीने करतो. गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून पायडलवर चालणारी कडबाकुट्टी बनवायला घेतली. भंगारातून जुनी सायकल आणली, अँगल कापले, फ्रेम वेल्ड केली, फ्लायव्हीलला दोन पाती लावली. वर्कशॉपमध्ये ती झकास फिरली. मी मूळचा पलूस तालुक्यातला, त्यामुळे गावाहून येताना कडब्याची पेंढी आणली होती. ती घातली, खटाखट तुकडे पडले. फोटो काढले, पार्टी झाली.

मग कुणीतरी सुचवलं की ओव्यातल्या एका काकांच्या गोठ्यावर नेऊन चालवून बघू. टेम्पो करून नेली. काकांनी भाताचा पेंढा पुढे टाकला. मी दहा पायडल मारली आणि मशीन गपकन थांबलं. पेंढा कापलाच गेला नव्हता! पात्यांच्या फटीत वाकून शाफ्टला दोरीसारखा गुंडाळला गेला होता. काकांनी शांतपणे विळा आणला, पेंढा सोडवला आणि आम्हांला चहा पाजला. हसले नाहीत, हेच जास्त लागलं.

त्या रात्री होस्टेलवर आल्यावर मी जाहीर करून टाकलं की आता रिपोर्ट लिहायचा, वर्कशॉपमधले फोटो चिकटवायचे आणि विषय संपवायचा. मार्क तर मिळणारच होते. त्यानंतर सुट्टीत घरी गेलो. आमचे आजोबा किर्लोस्करवाडीच्या फौंड्रीत मोल्डर होते. त्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले काहीच नाहीत, पण संध्याकाळी लक्ष्मणरावांची गोष्ट काढून बसले. लहानपणापासून ती शंभरदा ऐकलेली. या वेळी मात्र नीट ऐकली, परत येऊन लायब्ररीत वाचलीही. तीच तुम्हांला सांगतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र पुस्तकापेक्षा चित्रं आणि यंत्रं यांचं वेड. 1885 साली हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वडील नाराज होते, मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. दोनेक वर्षं गेली आणि लक्षात आलं की याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या पोराला रंगांधळेपणा! आपल्याला एक केटी लागली तर आपण आठवडाभर मेसला जात नाही. इथे अख्खं करिअरच बंद झालं होतं. पण पेन्सिलला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी यंत्रांचं ड्रॉइंग धरलं आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक म्हणून लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने यंत्रं खोलायची, जोडायची, समजून घ्यायची, हे त्यांचं खरं शिक्षण.

याच काळात मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा सायकल म्हणजे अप्रूप आणि चैन. 1888 साली दोघा भावांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवणार, रामूअण्णा बेळगावात विकणार आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवणार. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात ही अशी.

पुढे नोकरीत हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. सायकल विकली की ती पंक्चर होणार, चेन उतरणार, रिम वाकणार. म्हणजे दुरुस्ती आली. दुरुस्ती आली म्हणजे हत्यारं आली, लेथ आलं. आज टिळकवाडी म्हणतात त्या बेळगावच्या भागात हे छोटं वर्कशॉप वाढलं. पुढे सायकलीचे भाव उतरले, विकणारे वाढले, नफा आटला. तेव्हा त्यांनी आजूबाजूला बघितलं. आजूबाजूला होता शेतकरी.

त्यांचं पहिलं यंत्र कुठलं माहीत आहे? कडबा कापायचं! हो, आमच्या फसलेल्या मशीनचा खापरपणजोबाच म्हणा. त्यानंतर 1903 च्या सुमाराला आला लोखंडी नांगर. आता इथे गंमत बघा. मशीन तयार, माल तयार, पण गिऱ्हाईक नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, पीक येत नाही, अशी लोकांची पक्की समजूत होती. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर चाललेला, मग या मास्तराचं कोण ऐकणार? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्याकडे सबमिशन दोन दिवस पुढे गेलं तर आपण सिस्टिमला शिव्या घालतो. लक्ष्मणरावांनी या काळात शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवायचा, फाळ कुठे झिजतो, बैलाला ओढ किती बसते हे बघायचं, परत येऊन बदल करायचे, असा क्रम.

जरा जम बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. पुन्हा शून्य. त्याच सुमाराला औंधला देवीच्या देवळाच्या मंडपाचं काम त्यांच्याकडे होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ, 32 एकर जमीन देऊ केली, कर्जाऊ रक्कमही दिली. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि साप. 10 मार्च 1910 रोजी, पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली.

माणसं कशी जमवली ते वाचण्यासारखं आहे. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. हिशेबाला मंगेशराव रेगे. शंभूराव जांभेकर कारखाना सांभाळणारे. आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कल्पना लढवणारे. शिक्षा भोगून आलेल्या दोघांना तर त्यांनी वसाहतीचे पहारेकरी नेमलं! वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा नियम. त्या काळात हा नियम म्हणजे लोखंडी नांगर विकण्यापेक्षा अवघड काम होतं.

1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी लोखंड, कोळसा मिळेनासा झाला. फौंड्रीला कच्चा मालच नाही. मग कोकऐवजी लाकडी कोळशाचे प्रयोग झाले. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे शब्द टाकला, आणि महाराजांनी किल्ल्यांवर पडून असलेल्या निकामी तोफा दिल्या. तोफा वितळल्या, नांगर झाले. आजोबा मोल्डर असल्यामुळे या जागी ते नेहमी थांबतात आणि जुन्या ओतीव लोखंडाचा भट्टीत कसा रस होतो ते हातवारे करून सांगतात. आम्ही मेटलर्जीच्या पेपरला जे पाठ करतो ते त्यांच्या बोटांत आहे.

नांगराच्या पाठोपाठ चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, पंप अशी यादी वाढत गेली. 1920 साली कंपनी मर्यादित झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी चालवलेलं मासिक निघालं, ते पुढे 'किर्लोस्कर' नावाने घराघरांत गेलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन 1926 साली परतला. 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. पण सगळं सरळ गेलं नाही. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ज्या कामाला आयुष्याची चाळीस वर्षं दिली ते जळलं. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. 1969 साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आता आमच्या कडबाकुट्टीकडे येतो. आजोबांचं ऐकून परत आलो आणि रिपोर्ट लिहायच्या आधी एकटाच काकांच्या गोठ्यावर गेलो. तासभर नुसता बसलो आणि बघितलं. चूक तेव्हा कळली. ज्वारीचा कडबा जाड आणि ताठ असतो, पातं जरा लांब असलं तरी तुटतो. भाताचा पेंढा मऊ. फिरतं पातं आणि स्थिर पातं यांत फट राहिली की तो कापला न जाता वाकून आत शिरतो. मी सांगलीचं मशीन कोकणात आणलं होतं, आणि इथे जनावरं काय खातात ते बघितलंच नव्हतं!

मग वर्कशॉपच्या मामांकडून पात्यांना धार लावून घेतली. स्थिर पात्याच्या बोल्टाची भोकं लांबट केली, म्हणजे फट कमीजास्त करता येईल. पेंढा दाबून धरायला वर दातेरी रोलर आणि स्प्रिंग बसवली. दुसऱ्यांदा टेम्पो केला, या वेळी पैसे खिशातले. पेंढा कापला गेला. खोटं कशाला बोलू, जाड पेंढी घातली की अजून अडकतं, आणि पंधरा मिनिटांत पायडल मारणाऱ्याचा दम निघतो. काकांनी दोन दिवस वापरून आणखी तीन दोष सांगितले. ते रिपोर्टमध्ये शेवटच्या पानावर लिहिले आहेत, फोटोंच्या आधी. सरांनी त्या पानावर बराच वेळ घालवला.

ज्युनिअर्सना एवढंच सांगतो, मशीन वर्कशॉपच्या मागे शेडमध्ये उभं आहे, ज्याला पुढे न्यायचं असेल त्याने न्यावं. मात्र आधी गोठ्यावर जा. काका चहा देतात.