मॅट टॅलबॉट : तीन महिन्यांची शपथ



मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात, बारा भावंडांच्या गरीब कुटुंबात झाला. बाराव्या वर्षी तो एका दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच प्यायला शिकला. पुढे सारी मजुरी गुत्त्यात जाऊ लागली. एकदा तर रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्याचे फिडल चोरून त्याने दारूसाठी विकले.

१८८४ साली एका शनिवारी त्याचा खिसा रिकामा होता. ज्यांना त्याने आजवर पाजले, त्यांच्यापैकी एकानेही त्याला आत बोलावले नाही. मॅट घरी परतला व दारू सोडत असल्याचे त्याने आईला सांगितले. पाळणार असशील तरच शपथ घे, असे तिने बजावले. त्याने धर्मगुरूंकडे पापांची कबुली दिली आणि शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची! मला यातच त्याचे शहाणपण दिसते. ते तीन महिने फार जड गेले. मग सहा महिने, मग आयुष्यभर.

खिशात पैसे ठेवायचे नाहीत, हा त्याचा नियम. पहाटे मिस्सा, दिवसा लाकडाच्या वखारीत काम, संध्याकाळी गुत्त्याऐवजी चर्च. त्याने उधाऱ्या फेडल्या. फिडलवाल्याला खूप शोधले. तो सापडला नाही, म्हणून त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविली.

७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्साला जाताना तो रस्त्यातच कोसळला व मरण पावला. १९७५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘पूज्य’ घोषित केले.